चालत्या यंत्राला कुंकू

रविवारी साडेचारला आमच्याकडे शौनक यायचा. स्वतः नव्हे. तो असतो आयर्लंडात, लिमरिक नावाच्या गावी, आणि माधवनगरहून तिकडे जायचं तर तीन विमानं बदलावी लागतात. यायचा तो त्याचा बाण. लॅपटॉपच्या पडद्यावर चौकट उमटायची, शौनकला आत यायचंय, येऊ देऊ का? मी 'हो' दाबायची. मग माझा माऊस टेबलावर गप्प पडलेला असताना पडद्यावरचा पांढरा बाण आपला आपण हलायला लागायचा. आधी मधोमध येऊन दोनदा थरथरायचा. लहानपणी हा लिहायला बसला की पेन दोनदा झटकायचा, वहीभर शाईचे ठिपके उडवायचा आणि बोलणी खायचा. बाण थरथरला की मला पटायचं, आला.

फोन शेजारी, स्पीकर लावून.

"आई, परत प्रिंटर?"

"परत रे. काल होता, आज म्हणतोय सापडत नाही."

"वायर नीट बसलीये ना?"

"बसलीये की."

वायर बसलेली नसायची. ती मीच चार वाजता काढून ठेवलेली असायची.

सांगायला लाज वाटते, पण हे गिळून टाकलं तर पुढचं काहीच कळायचं नाही.

नुसत्या फोनवर आम्ही दोघं मायलेक अगदी ढ. जेवलीस का, जेवलास का, तिकडे पाऊस आहे का, सूनबाई ऋचा बरी आहे का. एवढं झालं की तीन मिनिटं होतात आणि मग आम्ही एकमेकांना 'बरं' म्हणत बसतो. बोलका होता तो याचा बाप. गंगाधर फोन धरायचा तेव्हा पलीकडच्या गल्लीत कुणाची म्हैस व्याली इथपासून सुरुवात करायचा आणि मी मागून 'चकली पोचली का विचारा' एवढंच म्हणायची. तो गेला त्याला तीन वर्षं झाली. तो गेल्यावर लक्षात आलं की पोटच्या पोराशी बोलायचं कसं, हे मी कधी शिकलेच नव्हते.

पण लॅपटॉप बिघडला की चाळीस मिनिटं कुठं गेली कळायची नाहीत. काहीतरी उतरवायला लावलं की हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकते, आणि तिच्याकडे बघत बसलेला माणूस बोलतो. अशीच एक पट्टी अर्ध्यावर असताना शौनक म्हणाला होता, "आई, ऋचाला दिवस गेले होते. राहिले नाहीत." पट्टी भरेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. नुसत्या फोनवर हे त्यानं सांगितलं असतं का? मला नाही वाटत.

लॅपटॉप तसा त्याचाच. साताऱ्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा पोवई नाक्याजवळच्या दुकानातून घेतलेला, त्याला आता बारा वर्षं झाली. नोकरी लागल्यावर कंपनीनं दुसरा दिला आणि हा जुन्या चादरीत गुंडाळून माझ्याकडे आला. याच्या पडद्याची बिजागरी तुटलीय, म्हणून पाठीला पोह्यांचा डबा लागतो. बॅटरी केव्हाच मेली. वायर काढली की त्याच क्षणी डोळे मिटतो. आतला पंखा सुरू झाला की शेजारच्या हरणाबाई विचारतात, "गिरन लावली का काय वैनी?"

मी दहावी पास. संगणकाचा क्लास बाहेरूनसुद्धा बघितलेला नाही. पण आमच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी टाइप करून देते असं बोलून बसले होते आणि आता माघार कशी घ्यायची, म्हणून एकेक बटण दाबत शिकले. काय दाबलं की काय होतं ते वहीत लिहायचं. चुकलं की उलटं जायचं. शिवणाचं असंच शिकले होते, उसवून. गंगाधर गेल्यावर दुसऱ्या वर्षी प्रिंटर, आवाज, मराठी कीबोर्ड, अडकलेली फाइल, सगळं माझं मला जमायला लागलं. ज्या रविवारी शौनकला सांगायला काही उरलं नाही त्या रविवारी बोलणं तीन मिनिटांत संपलं. पुढच्या रविवारी मी वायर काढली.

हरणाबाईंना हे पहिल्यापासून ठाऊक. त्या माझ्यापुढं बसून तांदूळ निवडायच्या.

"आवं वैनी, काल तर चालत हुता की त्यो प्रिंटर. तुमी माज्या आधाराचं कागद काढून दिलं न्हाई का?"

"हळू बोला, फोन चालू आहे."

फोन ठेवला की मग सुरू व्हायच्या. "लय खोटं बोलताय बगा तुमी. माजा तान्या तिकडं राजस्थानात हाय, दोन मिन्टं फोन करतोय. मी सरळ म्हनते, ये रं घरी. येतोय का न्हाई त्येचं त्यो बगंल. पर मी म्हनायचं सोडत न्हाई."

"तुमचं निराळं आहे."

"काय निराळं? पोरगं त्ये पोरगंच."

मला ते म्हणता आलं नसतं. तिकडं त्याचा संसार, नोकरी, ऋचाची तब्येत. ये म्हणायचं आणि त्यानं 'बघतो' म्हणायचं, त्यापेक्षा वायर काढणं सोपं होतं.

मग या वर्षी ते 'दहाची अकरा' प्रकरण निघालं. आमच्या लॅपटॉपवर विंडोज दहा. ऑक्टोबरच्या मध्यावर तिची देखभाल थांबणार, पुढं काही शिरलं तर जबाबदारी तुमची, अशा पाट्या रोज पडद्यावर यायला लागल्या. शौनकनं अकरा घालून बघितली. लॅपटॉपनं उत्तर दिलं, हे यंत्र पात्र नाही. वधूवर मंडळातून पत्रिका परत यावी तसं, कारण सांगून वर दिलगिरी.

"अगं याच्यात ती सुरक्षेची चिपच नाहीये. प्रोसेसरही जुना," शौनक म्हणाला. "पण युक्ती आहे. पेन ड्राइव्हवरून टाकायची. मग ती पात्रता तपासतच नाही."

"म्हणजे खोटं सांगायचं तिला?"

"खोटं नाही गं. विचारूच द्यायचं नाही."

तो पेन ड्राइव्ह तयार करायला त्यानं मला पुढच्या खेपेला पाऊण तास शिकवलं. मी तो शनिवारीच करून ठेवला होता. पुसून परत केला.

"एकदा अकरा बसली ना, की सगळं आपोआप," तो म्हणाला. "प्रिंटरबिंटर मी असं लावून ठेवतो की तुला काही लक्षात ठेवायला नको. दर रविवारी अशी माझ्याबरोबर अडकून बसायला नको."

त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला 'बरं' म्हणावं लागलं.

पुढच्या रविवारी त्याला बाहेरगावी जायचं होतं, म्हणून बुधवार ठरला. एक ऑक्टोबर. त्याच्या ऑफिसाआधी, आपल्या साडेबाराला.

"शौनक, बुधवारी खंडेनवमी आहे रे."

"म्हणजे सुट्टी नाही ना तुला कुठं? मग झालं तर."

बुधवारी बाण आला, थरथरला, दहा-बारा ठिकाणी टिचक्या मारल्या. "आता तो स्वतःच दोन-तीनदा बंद होऊन चालू होईल. मला दिसणार नाही. चार तास लागतील. हात लावू नकोस, बंद करू नकोस, वायर काढू नकोस. काय करायचं नाही?"

"हात लावायचा नाही."

"परत सांग."

मला वाटलं चेष्टा करतोय. परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं.

आता खंडेनवमीचं. गंगाधर इथल्याच एका मागांच्या शेडमध्ये फिटर होता. खंडेनवमीला माग सकाळीच थांबायचे. धुवून पुसून तेल घालायचं, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नारळ फुटेपर्यंत कुणी यंत्राला हात लावायचा नाही. अठ्ठ्याण्णव साली शेठनी माल द्यायची घाई म्हणून चार माग चालूच ठेवले. शेठची म्हातारी आई ताट घेऊन आली आणि चालत्या मागाला माळ घालायला वाकली. माळेचा दोरा फिरत्या चाकात गेला, दोऱ्याबरोबर तिचा हात. गंगाधरनं तो ओढून काढला. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही. गंगाधरच्या डाव्या हाताची दोन पेरं गेली. तेव्हापासून आमच्या घरात एकच नेम राहिला: चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही. उपास नाही, सोवळं नाही, पण हे पाळायचं. शेजाऱ्यांची मोटारसायकल पूजेला लागली की हा जाऊन आधी किल्ली काढून घ्यायचा.

तो गेल्यावरही मी पाटावर सगळं मांडते. त्याचा पाना, पक्कड, एक जुना धोटा, माझी विळी, कात्री, आणि लॅपटॉप. लॅपटॉपला पहिल्या वर्षी त्यानंच बसवलं होतं. "तुझं हत्यार," म्हणाला होता.

साडेचार वाजले. लॅपटॉप एकदा बंद होऊन चालू झाला होता, पडद्यावर गोल फिरत होतं. साडेपाचला चाळीस टक्के. सव्वासहाला एकसष्ट. म्हातारं यंत्र, आतली चकती जुनी, ते तरी काय करणार. पंखा असा ओरडत होता की देवघरातली घंटा ऐकू येईना. नवमी सात वाजेपर्यंत होती. मी शौनकला फोन केला, त्यानं कापला. निरोप आला, मीटिंगमध्ये आहे.

हरणाबाई आरतीला आल्या होत्या. "आवं, कडंकडंनं लावा की कुकू. त्येला काय कळतंय?"

"चालू आहे ना ते."

"मग ह्या वर्साला त्येला सोडा. पुढच्याला दोन बोटं जास्त लावा."

खरं होतं. सोडता आलं असतं. सहा वस्तूंतली एक नाही पुजली म्हणून गंगाधर काही वरून रागावला नसता. मला दोन्ही वाटा दिसत होत्या. पडद्यावर एकसष्टचे बासष्ट झाले. अजून दीड तासात शंभर, आणि मग दर रविवारी तीन मिनिटं.

मी उठले आणि भिंतीवरचं बटण खाली केलं.

पंखा थांबला. घर एकदम एवढं शांत झालं की हरणाबाईंनी हात जोडले. मी लॅपटॉप पाटावर ठेवला, झाकणावर कुंकवाची पाच बोटं उठवली, झेंडू वाहिला. बटण दाबणारा हात गंगाधरच्या बायकोचा होता का शौनकच्या आईचा, हे मला अजून सांगता येत नाही.

दसऱ्याला नारळ फोडून झाल्यावर लॅपटॉप लावला. काळा पडदा, वर पांढरी दोन ओळींची अक्षरं. पेन ड्राइव्ह लावून बघितला, माझ्या वहीतलं सगळं करून बघितलं. आतून टक, टक, टक असा आवाज येत राहिला, कुणी बंद दारावर एका बोटानं वाजवावं तसा. तासाभरानं तोही थांबला. वाचनालयाची यादी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर होती, त्यामुळे तसं काही गेलं नाही. फक्त लॅपटॉप गेला.

संध्याकाळी शौनकचा फोन आला.

"झालं का आई? मी कालपासून जोडायला बघतोय."

"नाही रे. लाईट गेली मधेच."

आमच्याकडे लाईट जाते. हे खोटं सांगायला काही कष्ट पडले नाहीत. पण तो म्हणाला, "शी. माझीच चूक. बॅटरी मेलेली माहीत असून मी असं कसं लावलं? तुझ्या गळ्यात घालून निघून गेलो. सॉरी आई, खरंच सॉरी." आणि ते तीनदा म्हणाला. मला सोसेना.

"लाईट नव्हती गेली. मी बंद केला."

"का?"

"पूजेसाठी. चालू होता ना."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई," तो अगदी सावकाश म्हणाला, "हात लावायचा नाही हे आपण तीनदा बोललो होतो. आठवतंय का तुला?"

"आठवतंय की."

"बरं. काही हरकत नाही. काही बिघडलं नाही हं." लहान मुलानं चड्डी ओली केल्यावर बोलतात तसा आवाज. "मी दिवाळीला येतो."

"खरंच?"

"खरंच. तिकीट बघतो."

हरणाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बगा! डबडं मेल्यावर पोरगं येतंय. आदीच मारायचं हुतं."

शौनक धनत्रयोदशीला आला. दारात बघितला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. डोळ्यांखाली काळं. पस्तिशी अजून लांब आहे त्याची. आल्या आल्या त्यानं पायांना हात लावला, आणि मग माझ्याकडे असं बघत राहिला, जसं मी बाजारात नासका आंबा ओळखायला बघते.

दिवाळी झाली. तो माझ्या मागं मागं असायचा. गॅस बंद केला का बघायचा. दुधाचं भांडं मी ठेवलं की पाच मिनिटांनी येऊन हळूच झाकण उचलून जायचा. मला वाटलं, पोराला घर हवंहवंसं वाटतंय. पाडव्याला ओवाळलं तेव्हा विचारलं, "परत कधी जायचंय?"

"तिकीट एकेरीच काढलंय. ऑफिसला विचारलंय मी. इथून काम करायला हो म्हणालेत. सहा महिने, पुढं बघू."

सहा महिने! मी त्या रात्रीच्या जेवणाला बासुंदी केली आणि हरणाबाईंकडे वाटी घेऊन धावले.

भाऊबीजेच्या दुपारी त्यानं पिशवीतून नवा लॅपटॉप काढला. कागदासारखा पातळ. टेबलावर ठेवला आणि शेजारी बसून माझा हात हातात घेतला. खराखुरा हात. असा त्यानं धरल्याला वीस वर्षं झाली असतील.

"आई, रागावू नकोस. उद्या मिरजेला एका डॉक्टरांकडे जायचंय. मेंदूचे आहेत."

"कुणाला दाखवायला?"

फोन उघडून त्यानं माझ्यापुढं धरला. यादी होती. तारखा टाकून. गेल्या वर्षीचा मार्च, प्रिंटरची वायर काढलेली, लक्षात नाही. एप्रिल, पुन्हा तेच. मे, आवाज बंद केलेला, कुठून चालू करायचा विसरली. जून, कीबोर्डची भाषा, सलग चौथ्यांदा. अशा सव्वीस नोंदी. शेवटची, एक ऑक्टोबर: तीनदा सांगूनही मधेच बंद केला, आधी लाईट गेली म्हणाली.

"एकच गोष्ट परत परत विसरत होतीस तू," तो म्हणाला. "मी वाचलं, अशीच सुरुवात होते. ऋचाची आई साताऱ्यात एक जागाही बघून आली, गोडोलीला, अशा लोकांना सांभाळतात तिथं. पण मी नाही म्हटलं. मी येतो म्हटलं."

मी यादी वर-खाली केली. बहुतेक सगळे माझेच पराक्रम. त्यातले दोन मात्र मला आठवेनात. जुलैतला एक, ऑगस्टमधला एक. केलेच असतील.

आता बघा. मी गप्प बसले असते तर तो राहिला असता. सहा महिने, पुढं बघू. काही करायचं नव्हतं, फक्त डोळे खाली घालून 'हो रे, हल्ली होतं तसं' म्हणायचं होतं. एक अख्खा मुलगा, चालता बोलता, स्वयंपाकघरात. तिकडं ऋचा एकटी. आणि इकडं माझा हात धरलेली याची बोटं बारीक थरथरत होती. दोनदा नव्हे, सारखी.

"सरक," मी म्हटलं.

नवा लॅपटॉप पुढं ओढला. उघडला. भाषा मराठी, कीबोर्ड मराठी, वायफाय, खातं. प्रिंटर जोडला. वाचनालयाची यादी पेन ड्राइव्हवरून उतरवली, पहिलं पान छापून त्याच्या हातात दिलं. घड्याळात बारा मिनिटं झाली होती. मग माझी वहीही दिली, कुठं काय दाबायचं त्याची.

"वायर मी काढायची," मी म्हटलं. "दर रविवारी, चार वाजता. आवाजही मीच बंद करायची. तू यावास म्हणून."

त्यानं कागदाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. आधी हसला. मग उठून मागच्या दारी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"दीड वर्ष, आई," तिकडूनच म्हणाला. "दीड वर्ष मी नीट झोपलो नाहीये. ऋचाला म्हणालो होतो, इतक्यात मूल नको, आईचं बघावं लागेल. नुसतं ये म्हणायचं होतंस गं."

भिंतीपलीकडून हरणाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली.

नाव नोंदवलेलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. आता नुसती मनाची खात्री, शौनक म्हणाला. रिक्षात तो हलका झाला होता, जुन्या मास्तरांच्या नकला करत होता. मी मनाशी ठरवलं होतं, प्रत्येक उत्तर खणखणीत द्यायचं. याला मोकळा करून पाठवायचा.

डॉक्टर तरुण होते, नम्र होते. "काकू, मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, शेवटी विचारेन. केळं, चटई, कुलूप." मी तिन्ही म्हणून दाखवले. मग वार, तारीख, महिना. शंभरातून सात वजा करत जा. मी इतकी भराभर गेले की डॉक्टरांनीच हात वर केला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं. मी काटेसुद्धा लहान-मोठे काढले. शौनक शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसला होता.

"छान. आता ते तीन शब्द?"

"केळं," मी म्हटलं. "चटई."

आणि पुढं काही नव्हतं.

शब्द जिभेवर आलाय आणि निसटतोय, तसं नव्हे. ते मला माहीत आहे, ते सगळ्यांनाच होतं. इथं जागाच नव्हती. पाट मांडलेत दोन, आणि तिसरा मांडलाच नव्हता असं. मी दोन्ही शब्द परत म्हणून बघितले. टेबलावर बघितलं, खिडकीकडे बघितलं. डॉक्टर थांबले होते. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"घाई नाही, काकू."

तेवढ्यात शौनक मोठ्यानं हसला. किती दिवसांनी असा हसला असेल. "डॉक्टर, ऐकू नका तिचं. येतंय तिला. मुद्दाम करतेय. दीड वर्ष मला असंच बनवलंय हिनं. आई, पुरे आता!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का?"

शौनकचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता. हसून डोळ्यांत पाणी आलेलं, त्या पाण्याखाली काळं वर्तुळ.

"खरंच," मी म्हटलं. "सवय लागलीय हो मेली. जात नाही."

डॉक्टरही हसले. "शब्द कुलूप होता," म्हणाले, आणि कागदावर बरोबरची खूण केली. "यांना काही झालेलं नाही. एवढं नाटक करता येतं म्हणजे मेंदू उत्तम आहे."

बाहेर आल्यावर शौनकनं तिथंच पायरीवर उभं राहून मंगळवारचं तिकीट काढलं. ऋचाला फोन केला, सगळी गोष्ट सांगितली, माझ्या कानालाही फोन लावला. ऋचा हसत होती आणि रडत होती.

रिक्षा विश्रामबागेला आली तोवर त्याला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर पडलं, तोंड किंचित उघडं. मी खांदा हलू दिला नाही. रस्त्यात खड्डा दिसला की आधीच त्याचं कपाळ तळहातानं धरायची. आणि प्रत्येक चौकात मनातल्या मनात म्हणून बघायची, केळं, चटई, कुलूप. पुष्पराज चौकात तिन्ही होते. पुढच्या सिग्नललाही होते. माधवनगरच्या रस्त्याला लागल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, कुठल्या गल्लीत घ्यायची?"

मी त्याला गल्ली सांगितली, बरोबर सांगितली. मग परत म्हणायला गेले तर दोनच होते.

मी शौनकला उठवलं नाही.